हायस्कूलमध्ये मुलाला मारहाण झाली? पालकांनो, या चुका टाळा

आठवी-नववीतली मुलं शाळेतलं घरी फारसं सांगत नाहीत. शर्टाची बटणं तुटलेली दिसतात, डबा भरलेला परत येतो, सायकल दारात असताना मुलगा म्हणतो ‘आज चालत जातो’. मुलगी मधल्या सुट्टीत पाणीच पीत नाही, कारण मग स्वच्छतागृहात जावं लागतं आणि तिथे कोणीतरी उभं असतं. विचारलं की उत्तर एकच, ‘काही नाही’.

नगरपालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा एखाद्या संस्थेची अनुदानित शाळा असेल तर लक्ष ठेवणारी माणसंही तिथे कमी असतात. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांमधल्या शिपायांच्या जागा रिकाम्या झाल्या की त्या कायमस्वरूपी भरण्याऐवजी शाळेला ठरावीक शिपाई भत्ता द्यायचं ठरलं. फाटकापाशी, जिन्यात, सायकल स्टँडवर वर्षानुवर्षं उभा राहणारा, प्रत्येक पोराला नावाने ओळखणारा माणूस त्यामुळे कमी होत चालला आहे. पालकांची काळजी खरी आहे, तिला कोणी ‘उगाच घाबरता’ म्हणू नये. पण काळजीच्या भरात आपण जे करतो, त्याने पुष्कळदा मूल पुढच्या वेळी सांगायचंच थांबतं. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. मूल सांगतंय तोवर काहीतरी करता येतं.

पहिलाच प्रश्न: ‘तू काय केलं होतंस?’

हा प्रश्न आपल्या तोंडून सहज निघतो आणि मुलाला ऐकू येतं ते असं, की चूक माझीच आहे. त्याच्या जोडीला दोन ठरलेले सल्ले असतात. आई म्हणते, ‘लक्ष देऊ नकोस.’ बाबा म्हणतात, ‘तूही दोन ठेवून द्यायच्या.’ लक्ष न दिल्याने त्रास देणारं टोळकं थांबत नाही, आणि दोन ठेवून दिल्या की प्रकरण ‘शाळा सुटल्यावर गेटवर भेट’ इथपर्यंत जातं. तिथे समोर एकटा मुलगा नसतो, त्याचा मोठा भाऊ आणि त्याचे मित्रही असतात.

त्याऐवजी कुठे झालं, केव्हा झालं, कोण कोण होतं, आधी कधी झालं होतं का आणि कोणी पाहिलं, एवढंच विचारा. तेही जेवताना किंवा चालता चालता, समोर बसवून उलटतपासणी नको. त्याच रात्री तारखेसह लिहून ठेवा आणि मुलाने वापरलेले शब्द तसेच राहू द्या. शिवी दिली असेल तर शिवीही लिहा.

‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येत नाही. ‘मी जे करेन ते आधी तुला सांगेन’ हे वचन पाळता येतं आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं.

मार डोक्याला लागला असेल तर प्रश्न नंतर. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. तिथे ‘पडला’ असं सांगू नका. मारहाण झाली असं स्पष्ट सांगा, म्हणजे वैद्यकीय कागदावर तशी नोंद होते. अंगावरच्या खुणांचे फोटो त्याच दिवशी काढा.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात जाऊन त्या मुलाला गाठणं

राग समजण्यासारखा आहे. पण मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या मुलाची कॉलर धरली की गुन्हा मोठ्या माणसावर नोंदला जातो आणि आपल्या मुलाची मूळ तक्रार बाजूला पडते. वर्गात त्याला नवं नाव चिकटतं ते वेगळंच: ‘बापाला घेऊन येणारा’. यानंतर तो घरी काहीही सांगणार नाही.

जमाव घेऊन जाणं त्याहून वाईट. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या एका शाळेबाहेर दहावीतल्या मुलावर खालच्या वर्गातल्या मुलाने वार केले आणि तो मुलगा दगावला. दुसऱ्या दिवशी जमावाने शाळेत घुसून मोडतोड केली. पालकांच्या दुःखाबद्दल बोलायला कोणाचीच जीभ उचलणार नाही, पण त्या मोडतोडीने कुठलंही मूल सुरक्षित झालं नाही.

मारामारीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकणं

आज शाळेत राडा झाला की त्याचं चित्रण संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं. ‘सगळ्यांना कळलं पाहिजे’ म्हणून चांगली माणसंही ते पुढे पाठवतात. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्ह्यात सापडलेलं मूल असो, पीडित मूल असो की साक्षीदार मूल, त्याची ओळख उघड करायला बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सो कायद्याचं कलम २३ हीच बंदी घालतं.

कायदा बाजूला ठेवला तरी मार खातानाचं आपलं चित्रण अख्ख्या गावाने पाहिलं, हे मूल विसरत नाही. व्हिडिओ आला तर स्वतःजवळ जपून ठेवा, कोणाकडून आणि किती वाजता आला ते लिहा, आणि मुख्याध्यापक किंवा पोलीस यांच्याखेरीज कोणाला दाखवू नका.

तोंडी सांगून घरी येणं

मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि ती टाळणं सगळ्यात सोपं आहे.

आपण जातो, वर्गशिक्षिका ‘बघते मी’ म्हणतात, त्या दोन्ही मुलांना रागावतातही. महिन्याभराने पुन्हा तेच होतं. तोपर्यंत पर्यवेक्षक बदललेले असतात, आणि मुख्याध्यापक म्हणतात, ‘आमच्याकडे अशी काही तक्रारच नाही.’ त्यांचं म्हणणं खोटंही नसतं, कारण कागदावर काहीच नसतं.

मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या. एक प्रत शाळेला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेऊन ती आपल्याकडे. लिपिक ‘साहेब आल्यावर या’ म्हणाले तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. अर्ज एका पानात मावला पाहिजे. ‘शाळेत गुंडगिरी वाढली आहे, योग्य ती कारवाई करावी’ असं लिहिलेल्या अर्जाचं कोणी काहीच करू शकत नाही. असं लिहा: ‘मंगळवारी मधल्या सुट्टीत, पहिल्या मजल्याच्या जिन्यात, दहावी ब मधल्या तीन मुलांनी माझ्या मुलाला ढकललं, दप्तर खाली टाकलं, पैसे मागितले. हे याआधीही झालं आहे.’ मुलांची नावं माहीत असतील तर अर्जात लिहा, बाहेर उच्चारू नका.

आणि मग नेमकं मागा. मधल्या सुट्टीत त्या जिन्यावर कोण शिक्षक उभे राहणार? शाळा सुटताना सायकल स्टँडवर कोण? वर्गात जागा बदलायची असेल तर त्रास देणाऱ्याची बदला, सोसणाऱ्याची नको. सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवावं, ही ओळ अर्जात हवीच, कारण यंत्रात जागा संपली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. चित्रणात इतर मुलंही दिसत असल्याने ते शाळा तुमच्या हातात देईल असं नाही. पुसू न देणं एवढं मात्र ती करू शकते, आणि गरज पडली तर पोलीस ते मागवून घेतात.

शेवटच्या ओळीत भेटीची तारीख मागा, साधारण आठ दिवसांनंतरची. भेटीला मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि पालक-शिक्षक संघाचा एखादा प्रतिनिधी असावा. काहीच हललं नाही तर त्याच अर्जाची प्रत जोडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जा. मुंबईतल्या अनुदानित शाळेसाठी हेच काम शिक्षण निरीक्षकांकडे असतं.

दोन्हीकडच्या पालकांना बोलावून ‘आता मिटवून टाका’ म्हणत समजुतीच्या कागदावर सह्या घेण्याची पद्धत बऱ्याच शाळांत आहे. साध्या भांडणात समेट चांगलाच. फक्त सही करण्यापूर्वी पाहा, की उद्यापासून काय वेगळं होणार ते त्या कागदावर आहे का. नुसतं ‘पुन्हा असे होणार नाही’ एवढंच असेल तर थांबा आणि वर मागितलेल्या गोष्टी त्यात लिहून घ्या.

कॅमेरे बसले म्हणजे झालं

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं, आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांचे आदेश दिले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय तर २०२२ चाच होता.

आदेश नुसते भिंतीवर लागलेत की पाळलेही जातात, हे पाहायला पालकसभेला जावं लागतं. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, हे विचारा. सखी सावित्री समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली? कॅमेऱ्याचा पडदा दिवसभर कोण पाहतं? पुष्कळ ठिकाणी कोणीच पाहत नाही. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो, त्या क्षणी कोणी मध्ये पडायचं असेल तर तिथे माणूसच लागतो.

एकदा शाळा सुटायच्या वेळी स्वतः जाऊन उभे राहा. फाटकापासून रिक्षाथांब्यापर्यंतचं ते दोनशे पावलांचं अंतर, बंद टपरीमागची जागा, मैदानाची पडकी भिंत. दहावीच्या वर्गातली खुन्नस तिथे बाहेर येते, आणि शाळा म्हणते ‘फाटकाबाहेर आमची जबाबदारी नाही’. अशा वेळी पोलीस ठाण्याला पत्र देऊन सुटण्याच्या वेळी गस्त मागता येते. ज्या शहरांत दामिनी पथक आहे तिथे त्यांनाही कळवता येतं. चार पालकांच्या सह्या असल्या तर पत्राचं वजन वाढतं.

पोलिसांकडून भलती अपेक्षा, किंवा पोलिसांकडे न जाणं

‘एफआयआर करा, आत टाका’ असा हट्ट धरून आलेले पालक पोलीस ठाण्यातून निराश होऊन परततात. समोरचं मूल अठराच्या आतलं असेल तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही. किमान सात वर्षं शिक्षा असलेला घोर अपराध किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला गुन्हा सोडला, तर सर्वसाधारणपणे एफआयआर नोंदली जात नाही. पोलीस दैनंदिनीत नोंद घेतात, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बनवतात आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवतात. ही टाळाटाळ नसते, नियमच तसा आहे. ठाण्यात गेल्यावर बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा आणि नोंदीचा क्रमांक घ्या.

शस्त्र असेल, कोयता घेऊन कोणी स्टेटस ठेवलं असेल, ‘उद्या बघून घेतो’ अशी धमकी असेल, तर शाळेच्या बैठकीची वाट पाहू नका. त्याच दिवशी ११२ किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर फोन करा.

लैंगिक त्रासाबाबत तर थांबायला कायद्यानेच जागा ठेवलेली नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद व दंड आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल’, ‘मुलीच्या लग्नाचं बघा’ असं कोणी म्हणालं तरी समेटाच्या खुर्चीवर बसू नका. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नसतं. घरीही तीच ती हकीकत आत्या, मामा, शेजारी अशा सगळ्यांसमोर वदवून घेऊ नका. एकदा ऐका, लिहा, थांबा.

‘दोन फटके द्या, पण शिकवा’

हे वाक्य पालकसभेत अजून ऐकू येतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे, आणि नववी-दहावीतल्या मुलाशी केलेली क्रूरता बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली येते. ज्या शाळेत शिक्षकाचा हात चालतो, तिथली मुलं दुर्बळावर हात चालवायला शिकतात. तक्रारीची पद्धत तीच, लेखी अर्जाची.

‘माझा मुलगा असं करणारच नाही’

कधीतरी शाळेतून येणारा फोन असा असेल, की मारणारा तुमचा मुलगा आहे. पालक तिथल्या तिथे वकील होतात किंवा घरी नेऊन त्याला बडवतात. दोन्हींतून तो एकच शिकतो, की पुढच्या वेळी सापडायचं नाही. पूर्ण हकीकत शाळेकडून ऐका, मग त्याच्याकडून. त्याच्या दप्तरात, मोबाईलवर, मित्रांत काय चाललं आहे हे पाहायची ही वेळ आहे. ज्याचं नुकसान केलं ते भरून द्यायला त्याला लावा, स्वतः पैसे देऊन मोकळे होऊ नका. राग आवरत नसेल, झोप उडाली असेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मानसिक आरोग्याबद्दल मोफत बोलता येतं. मार खाणाऱ्या मुलासाठीही तोच क्रमांक आहे.

घाईने दाखला काढणं

शाळा बदलणं कधी कधी खरंच गरजेचं असतं. पण रागाच्या भरात दाखला काढला की त्रास देणारी मुलं तिथेच राहतात आणि पुढचं मूल त्यांच्या तावडीत सापडतं. आपलं मूल नव्या वर्गात, दहावीच्या तोंडावर, मित्रांवाचून एकटं पडतं. आधी मुलाला विचारा, त्याला खरोखर जायचं आहे का. तो ‘हो’ म्हणाला तर अर्ज आणि त्याची पोच हातात असू द्या, मग दाखला मागा. कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ लिहू नका, खरं कारण लिहा. आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.