गाइडशिवाय शहराचा एखादा जुना भाग पायी कसा पाहावा

नवख्या शहरात गेल्यावर बहुतेक जण 'पाहायलाच हवीत' अशा ठिकाणांची यादी काढतात आणि दिवसभर वाहनाने इकडून तिकडे धावतात. मला त्यापेक्षा एकच भाग निवडून तो चालत पाहणे कितीतरी अधिक आवडते. त्यासाठी गाइड असावाच लागतो असे नाही. आदल्या संध्याकाळी तासभर नीट तयारी केली तर पुरते.

आधी वेळेचा हिशेब, मग ठिकाणे

सपाट रस्त्यावर माणूस ताशी ४ ते ५ किलोमीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरला १२ ते १५ मिनिटे लागतात. या आकड्यावर विसंबून लांबलचक मार्ग आखला की फेरी फसते, कारण खरा वेळ थांबण्यात जातो. आठ थांबे आणि प्रत्येकी १० मिनिटे धरली तर ८० मिनिटे नुसती उभे राहून पाहण्यात जातील. मार्ग अडीच किलोमीटरचा असेल तर चालण्याची ३०-४० मिनिटे त्यात मिळवा. दोन तास झाले, आणि अजून तुम्ही कुठे आत गेला नाहीत की बसला नाहीत.

बॉस्टनची 'फ्रीडम ट्रेल' ही अशा फेऱ्यांपैकी फार प्रसिद्ध. तिची कल्पना १९५१ मध्ये विल्यम स्कोफिल्ड या पत्रकाराने मांडली. फुटपाथवरची लाल रेघ धरून चालत राहायचे, वाटेत १६ ऐतिहासिक ठिकाणे लागतात. अंतर जेमतेम ४ किलोमीटर आहे, पण प्रत्येक ठिकाणी आत जाऊन पाहायचे म्हटले तर दिवस पुरत नाही.

मी पहिल्यांदा स्वतः फेरी आखली तेव्हा एका सकाळसाठी सतरा ठिकाणे लिहिली होती. नवव्या ठिकाणानंतर काय पाहिले ते आज आठवत नाही, दुखणारे पाय तेवढे आठवतात. तेव्हापासून मी आठांच्या वर जात नाही. दोन-तीन ठिकाणे गाळताना जीव तुटतो, तरी गाळावीत.

मार्ग आखताना

सुरुवात आणि शेवट बस किंवा रेल्वेच्या थांब्याजवळ ठेवा. चढ असेल तर वाहनाने वर जा आणि उतरत या. दोन थांब्यांत पाच-सात मिनिटांहून जास्त चाल नको, आणि मध्यावर बसायला जागा व स्वच्छतागृह मिळेल असे ठिकाण हवेच. वस्तुसंग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी आणि प्रार्थनास्थळांच्या वेळा आधी तपासून घ्या.

उन्हाची दिशा मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पूर्वेकडे तोंड असलेली इमारत सकाळी पाहावी, पश्चिमेकडची दुपारनंतर. तिरप्या उन्हात कोरीव कामाच्या सावल्या पडतात आणि बारकावे उठून दिसतात. तीच इमारत सूर्य तिच्या मागे असताना काळपट आणि सपाट वाटते. नकाशावर प्रत्येक वास्तूचे तोंड कुठे आहे ते बघून थांब्यांचा क्रम लावा.

नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर पायवाटा, जिने, बाक अशा पायी चालणाऱ्याच्या उपयोगाच्या गोष्टी अनेक ठिकाणी दाखवलेल्या असतात. कागदावरही एक ढोबळ आकृती काढा. बॅटरी संपली तर ती कामाला येतेच, शिवाय हाताने काढलेला मार्ग डोक्यात पक्का बसतो.

प्रत्येक थांब्यासाठी एक प्रश्न

माझ्या मते सगळ्या तयारीत हे सर्वांत महत्त्वाचे. इमारतीची माहिती पानभर उतरवून नेऊ नका. एक ओळ माहिती आणि एक प्रश्न एवढेच लिहा. प्रश्न असा हवा, की त्याचे उत्तर समोर उभे राहून शोधता येईल. बार्सिलोनाच्या एइशाम्प्ले भागाचे उदाहरण घ्या. तिथे चौकाचौकात इमारतींचे कोपरे तिरपे छाटलेले आहेत. का? अभियंता इल्देफॉन्स सेर्दा यांनी या भागाच्या १८५९ च्या आराखड्यात वाहनांना वळायला जागा मिळावी आणि आडव्या रस्त्यावरचे दिसावे म्हणून तशी योजना केली. हे उत्तर आधी वाचले तर विसरले जाते. चौकात उभे राहून, वळणाऱ्या गाड्या बघत ते स्वतःला सुचले तर कायमचे लक्षात राहते.

रस्त्यावर उतरल्यावर कसे पाहायचे

इमारतीच्या पायाशी जाऊ नका. आधी समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि मान वर करा. तळमजल्यावर दुकाने येतात-जातात, त्यांच्या पाट्या आणि काचा जुने सगळे झाकून टाकतात. वरच्या मजल्यांना सहसा कोणी हात लावत नाही, त्यामुळे मूळ खिडक्या, कमानी, सज्जे, बिडाचे कठडे तिथेच सापडतात.

मग मजले मोजा. एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोर तुटला तरी न कोसळणारा लिफ्टचा पाळणा लोकांसमोर दाखवला आणि १८५७ मध्ये तिथल्याच एका दुकानात त्यांची प्रवासी लिफ्ट बसली. त्याआधी राहत्या घराची उंची माणसाच्या दमावर ठरे, म्हणून पाच-सहा मजल्यांवर सहसा कोणी जात नसे. पॅरिसमधल्या जुन्या इमारतींत श्रीमंतांचे बिऱ्हाड खालच्या मजल्यांवर आणि नोकरांच्या खोल्या थेट छपराखाली असत. खालच्या खिडक्या उंच आणि वर जावे तशा बुटक्या होत गेल्या असतील, तर त्यामागे हेही एक कारण असू शकते.

खिडकीच्या काचेत पडलेले प्रतिबिंब पाहा. ते पाण्यासारखे हलते वाटले तर काच जुनी असण्याची शक्यता मोठी. आजची आरशासारखी सपाट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, आणि ही पद्धत १९५० च्या दशकात आली.

कोनशिला दिसली की तारीख जरूर टिपा, पण ती बांधकाम सुरू झाल्याची असते हे विसरू नका. इमारत पुरी व्हायला त्यानंतर कित्येक वर्षे गेलेली असू शकतात. लंडनमध्ये १८६६ पासून थोरामोठ्यांच्या घरांवर स्मृतिफलक लावण्याची योजना चालू आहे. तसे फलक आता अनेक शहरांत दिसतात. तो वाचताना 'या घरात' लिहिले आहे की 'या जागी', हे नीट बघा. 'या जागी' याचा अर्थ मूळ घर आता राहिलेले नाही.

रस्त्यांची नावे आणि वळणेही वाचता येतात. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटच्या जागी खरोखर तट होता. डच वसाहतीने तो १६५३ मध्ये उभारला, १६९९ मध्ये तो पाडला गेला, नाव तेवढे उरले. व्हिएन्नात १८५७ मध्ये तटबंदी पाडायचा हुकूम निघाला आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर रिंगस्ट्रास हा रुंद गोलाकार रस्ता झाला. जुन्या वस्तीला वळसा घालणारा असा रस्ता दिसला तर तिथे पूर्वी तट किंवा खंदक होता का, हे शोधून पाहा.

हे सगळे पाहताना तिथे माणसे राहतात याचे भान ठेवा. उघड्या दारातून अंगण दिसले तरी विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. लोकांच्या खिडक्यांवर आणि मुलांवर कॅमेरा रोखू नका. आवाज खाली ठेवा, विशेषतः सकाळी लवकर.

शेवटच्या थांब्याआधी वीस मिनिटे नकाशा खिशात ठेवून जी गल्ली बोलावेल तिकडे वळा. त्याच संध्याकाळी कुठे किती वेळ लागला, कोणता प्रश्न अडला, कुठला थांबा फुकट गेला ते कागदावर मांडा. अडलेला प्रश्न आता वाचायला घ्या.

आणि शहरात अजून एक दिवस हाताशी असेल तर तीच फेरी उलट दिशेने करा. काल ज्या भिंतींकडे पाठ होती त्या आता समोर येतात, आणि काल सकाळी अंधारात राहिलेला दर्शनी भाग कलत्या उन्हात पाहायला मिळतो.