तिकिटावर पावणेदोन तास, मग खरे किती? विमानाचं अंतर आणि वेळ घरीच कशी काढायची

आमचे चाळीसगावचे मामा मुलाकडे दुबईला निघाले होते. तिकीट हातात घेऊन बोटं मोजत बसले, मुंबईहून सकाळी १० ला सुटणार आणि ११.४५ ला पोचणार म्हणजे पावणेदोन तास, आणि मग म्हणतात कसे, "मंग आपली मुंबईच दूर शे ना भो!"

चूक मामांची नाही. तिकिटावर निघायची वेळ इथली छापतात आणि पोचायची तिथली. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं, म्हणून जाताना दीड तास मिळवायचा, झाले सव्वातीन तास. येताना उलटं, दीड तास वजा करायचा.

आता अंतर. मॅपवर डायरेक्शन मागू नका, तो रस्ता दाखवतो. मोबाईलवर गूगल मॅप उघडायचा, पहिल्या गावावर बोट दाबून धरायचं, पिन पडली की खाली सरकवून 'अंतर मोजा' दाबायचं आणि मग मॅप सरकवत दुसऱ्या गावावर न्यायचा, बस. हे सरळ हवेतलं अंतर. जळगाव-मुंबई मोजून बघा, साधारण ३५५ किलोमीटर येतं, आणि रेल्वेने तेच ४२० होतं, कारण गाडी चाळीसगाव, मनमाड, नाशिक करत फिरून कसारा घाटातून उतरते, विमानाला कसला आलाय घाट.

मुंबई-दुबई असं मोजलं तर १९३० च्या आसपास भरतं. मोठं जेट विमान ताशी ८०० धरा (एटीआरसारखं पंख्याचं छोटं असेल तर ५००), १९३० भागिले ८०० म्हणजे दोन तास पंचवीस मिनिटं. त्यात अर्धा-पाऊण तास वरून टाका, कारण रनवेपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरताना हवेत घिरट्या, हे सगळं त्या वेळेत धरलेलं असतं. म्हणूनच छोट्या अंतराला हा हिशोब फसवा वाटतो, जळगाव-मुंबई नुसतं उडणं पाऊण तासाचं पण तिकिटावर त्याच्यापेक्षा बरंच जास्त दिसणार.

आणखी एक, जाताना आणि येताना वेळ सारखी नसते. वर उंचावर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर जोरात, म्हणून दुबईला जाताना तो समोरून लागतो आणि येताना पाठीवर. लंडनसारख्या लांबच्या प्रवासात हा फरक चांगला जाणवतो.

पण घरून कधी निघायचं हे मात्र उलटं मोजत या. १० चं विमान, परदेशाचं म्हणून तीन तास आधी म्हणजे ७ ला एअरपोर्टवर, चाळीसगावहून रेल्वेला पाचेक तास, गाडी लेट होणार हे धरून वर दोन तास. म्हणजे रात्री १२ ची गाडी. मामा जेवून स्टेशनवर गेले ते दुबईत मुलाच्या घरी पोचेपर्यंत पंधरा तास गेले, त्यातले विमानाचे सव्वातीन. म्हणजे मुंबईच दूर निघाली की.

येताना तारीख नीट बघा. दुबईहून १४ ला रात्री साडेदहाला सुटलेलं विमान मुंबईत पहाटे ३ ला उतरतं, पण १५ तारखेला. मी शहाणा, मामांचं चाळीसगावचं रिझर्वेशन १४ च्या सकाळचं काढून ठेवलं होतं, मामा तेव्हा दुबईत नाश्ता करत होते.