शिक्क्यावरची तारीख: परदेशातील लांब मुक्कामाचा हिशेब

शॅक, गेस्टहाऊस किंवा पर्यटनाशी निगडित अन्य व्यवसाय करणाऱ्या गोमंतकीयांना खरी सवड मिळते ती पावसाळ्यात. त्यामुळे जूनमध्ये परदेशी निघून चवथीला घरी परतायचे, असा बेत ज्यांच्या मनात असेल त्यांनी विमानभाड्याच्या आधी मुक्कामाच्या दिवसांचा हिशेब मांडावा. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा 10 वर्षांचा असला, तरी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना एका खेपेस साधारणपणे 6 महिनेच राहता येते, आणि त्यांची अंतिम तारीख व्हिसावर नसून प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या ‘आय-94’ या नोंदीत असते.

म्हणून इमिग्रेशनच्या खिडकीवरून पासपोर्ट हाती येताच तो पिशवीत टाकू नये. बाजूला उभे राहून प्रवेशाची तारीख, ‘या तारखेपर्यंत राहण्यास परवानगी’ अशी नोंद आणि प्रवेशाचा प्रकार नीट वाचावा. काही चुकले असेल तर ते त्याच दालनात, त्याच अधिकाऱ्याकडून दुरुस्त करून घेणे सर्वांत सोपे असते. मध्यरात्रीच्या सुमारास उतरणाऱ्यांनी तर शिक्का कोणत्या दिवसाचा पडला, हे आवर्जून पाहावे. शिक्क्याचे छायाचित्र काढून एक प्रत घरी पाठवावी, आणि जिथे शिक्का न मारता केवळ संगणकात नोंद होते तिथे बोर्डिंग पास जपून ठेवावा.

दिवस मोजताना महिन्यांचा अंदाज उपयोगाचा नाही. थायलंडने जुलै 2024 मध्ये भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसाविना 60 दिवस राहण्याची मुभा दिली. त्या हिशेबाने 10 जूनला उतरलेला प्रवासी ‘दोन महिने’ म्हणून 10 ऑगस्ट धरून चालेल. परंतु उतरल्याचा दिवस हाच पहिला दिवस असल्याने त्याची मुदत 8 ऑगस्टलाच संपते. मुदतीपलीकडच्या प्रत्येक दिवसाला तिथे 500 बाट (थायलंडचे चलन) दंड आहे आणि त्याची कमाल मर्यादा 20,000 बाट आहे. असे नियम सरकारे मध्येच बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा, त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर ते तपासावेत.

मुदतवाढ हवी असल्यास अर्ज मुदत संपण्याआधी करावा लागतो. थायलंडमध्ये स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात 1,900 बाट शुल्क, छायाचित्र, पासपोर्टच्या प्रती आणि राहत्या पत्त्याचा पुरावा देऊन पर्यटकाला आणखी 30 दिवस मागता येतात; पण ते देणे अधिकाऱ्याच्या अखत्यारीत असते. शेवटच्या दिवशी कार्यालयाला सुट्टी निघाली तर सगळेच अडते, तेव्हा निदान आठवडाभर आधी जावे. अमेरिकेत तर मुदत संपण्याच्या 45 दिवस आधी अर्ज करावा, अशी तेथील इमिग्रेशन विभागाचीच सूचना आहे.

युरोपची गोष्ट निराळी आहे, आणि पोर्तुगालमध्ये नातेवाईक असलेल्या घरांनी ती विशेष लक्षात घ्यावी. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कोणत्याही 180 दिवसांच्या अवधीत एकंदर 90 दिवसच राहता येते; लिस्बनहून पॅरिसला गेल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही, आणि येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. व्हिसावर याहून कमी दिवस लिहिलेले असतील तर तेच खरे. मुदतवाढ गंभीर आजारासारख्या अपवादात्मक कारणांसाठीच मिळते. ऑक्टोबर 2025 पासून तिथे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची संगणकीय नोंद घेण्यास सुरुवात झाली असल्याने एक दिवस अधिक झाला तरी तो नजरेतून सुटण्याची शक्यता उरलेली नाही.

पुढच्या प्रवासाच्या तिकिटाची विचारणा मात्र बहुधा इथेच, गोव्यातील दाबोळी किंवा मोपा विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर होते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येत असल्याने तिचे कर्मचारी ‘टिमॅटिक’ या प्रणालीत त्या देशाचे नियम पाहूनच बोर्डिंग पास देतात. थायलंडच्या वरील उदाहरणात इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो: मुदतवाढ मिळेलच अशा भरवशावर ते सप्टेंबरचे परतीचे तिकीट काढतात आणि काउंटरवर अडतात, कारण तिकिटाची तारीख सुरुवातीच्या 60 दिवसांच्या आतलीच लागते. यावर दोन सरळ मार्ग आहेत. एक, मुदतीच्या आतले, पण पुढे तारीख बदलता येईल असे परतीचे तिकीट काढणे. दुसरा, 8 ऑगस्टपूर्वीच्या तारखेचे तिसऱ्या देशाचे, उदाहरणार्थ बँकॉकहून क्वालालंपूरचे, स्वस्त तिकीट घेणे. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवस व्हिसाविना प्रवेश दिला आहे. थोड्या पैशांत मिळणाऱ्या बनावट आरक्षणाच्या वाटेला मात्र कोणीही जाऊ नये. काउंटरवर पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा क्रमांक, तपासला जातो, आणि खोटा कागद दाखवल्याचा ठपका दंडापेक्षा फार महाग पडतो.

आजारपणामुळे किंवा विमान रद्द झाल्यामुळे मुदत टळतेच आहे असे दिसले, तर रुग्णालयाचे किंवा विमान कंपनीचे लेखी पत्र घेऊन स्वतःहून इमिग्रेशन कार्यालय गाठावे, कारण वाटेतल्या तपासणीत सापडलेल्या प्रवाशाला अटक आणि पुढील प्रवेशबंदीलाही सामोरे जावे लागू शकते.