झारला लेनिनने हाकललं? फेब्रुवारी १९१७ वर लिहिताना या चुका टाळा

ओळखीतल्या पोरांच्या वह्या मी अधूनमधून तपासून देते, त्यात स्पर्धा परीक्षावालेही असतात, आणि रशियन क्रांतीचा प्रश्न आला की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "लेनिनच्या नेतृत्वाखाली कामगारांनी झारची सत्ता उलथवली." इथेच माझा लाल पेन बाहेर येतो. कारण झार, म्हणजे रशियाचा सम्राट निकोलस, पडला तेव्हा लेनिन झुरिकमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होता हो! पुढे गाजलेले बाकीचे नेतेही लांबच, ट्रॉट्स्की न्यूयॉर्कला, स्टॅलिन सायबेरियात हद्दपार. जानेवारी १९१७ मध्ये झुरिकच्या तरुण कामगारांसमोर लेनिनने भाषण केलं, त्यात तो म्हणाला की येणाऱ्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आम्हा जुन्या पिढीच्या लोकांना कदाचित बघायला मिळणार नाहीत, आणि तिथून दोन महिन्यांच्या आत झारची गादी गेली. तो राजधानी पेट्रोग्राडला उतरला एप्रिलमध्ये, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या बोल्शेविक पक्षाने जे पाडलं ते झारनंतर आलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार होतं, झार नव्हे. तो तर केव्हाच नजरकैदेत गेला होता.

आपल्याकडे लेनिनचं नाव जरा जास्तच घरातलं आहे त्याला कारणही आहे, १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला तेव्हा त्याने त्यावर कौतुकाने लिहिलं होतं. ते ठीक, पण म्हणून फेब्रुवारीचं श्रेय त्याच्या खिशात टाकायचं कारण नाही.

तारखा जुळत नाहीयेत?

एका पुस्तकात क्रांती फेब्रुवारीत, दुसऱ्यात मार्चमध्ये, मग पोरं गोंधळून दोन्ही लिहून टाकतात. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं, ते विसाव्या शतकात आपल्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे. म्हणून २३ फेब्रुवारी म्हणजे ८ मार्च, आणि ऑक्टोबर क्रांतीचा २५ ऑक्टोबर म्हणजे ७ नोव्हेंबर. कुठलंही एक कॅलेंडर धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मी खाली जुन्या तारखा वापरतेय. (१९१८ मध्ये बोल्शेविकांनी कॅलेंडर बदललं तेव्हा ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडली, पगाराच्या हिशोबाचं काय झालं असेल कोण जाणे.)

"रशियात धान्यच नव्हतं म्हणून क्रांती झाली"

धान्य होतं. दक्षिणेकडे होतं, व्होल्गाच्या पट्ट्यात होतं, पण पेट्रोग्राड पडलं देशाच्या पार वायव्य कोपऱ्यात आणि पहिलं महायुद्ध चालू असल्याने रेल्वे सगळी लष्कराच्या दिमतीला, त्यात त्या हिवाळ्यात थंडी अशी की इंजिनं बंद पडत होती. शिवाय शेतकरी तरी धान्य का विकेल? सरकारने भाव बांधलेले, रुबलची किंमत घसरलेली, आणि हातात पैसे आले तरी विकत घ्यायला बाजारात कापड, नांगर, खिळे काही नाही कारण कारखाने युद्धाचा माल काढत बसलेले. म्हणजे हा दुष्काळ नव्हता, सगळी व्यवस्थाच तुंबली होती. त्यात फेब्रुवारीत बातमी फुटली की पावाचं रेशनिंग येतंय, झालं, लोकांनी दुकानांवर धाड घातली, आणि दहा-बारा तासांची पाळी करून आलेल्या बायका गोठवणाऱ्या थंडीत रांगेत उभ्या. नवरे आघाडीवर. "महागाई" असा एक शब्द लिहून पुढे पळू नका, ही रांग उत्तरात आली पाहिजे.

"१९०५ ची क्रांती फसली, १९१७ ची यशस्वी झाली"

हे चूक नाही पण अर्धवट आहे, कारण का फसली आणि का जमली हाच तर प्रश्न आहे. १९०५ मध्येही संप होते, रक्तरंजित रविवार होता (मागण्या घेऊन आलेल्या जमावावर सैन्याचा गोळीबार), झारला ड्यूमा, म्हणजे निवडलेली संसद, द्यावी लागली (आणि १९०७ मध्ये मतदानाचे नियम बदलून तिचे दात काढले गेले), पण बंडाळ्या झाल्या तरी सैन्य एकंदरीत झारच्या बाजूने टिकलं. १९१७ पर्यंत ते जुनं कसलेलं सैन्य आघाड्यांवर मरून गेलं होतं. पेट्रोग्राडच्या बराकींमध्ये उरले होते राखीव आणि नवे भरती झालेले, बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, दाटीवाटीने कोंबलेली, पुढच्या गाडीने आघाडीवर जायचंय या धास्तीत.

आता घटनाक्रम बघा. २२ फेब्रुवारीला पेट्रोग्राडच्या पुतिलोव्ह कारखान्यात टाळेबंदी. २३ ला महिला दिन, शहराच्या व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायका काम सोडून बाहेर पडल्या आणि शेजारच्या धातू कारखान्यांच्या खिडक्यांखाली जाऊन पुरुषांना हाका मारायला लागल्या. गंमत म्हणजे आदल्या दिवशी बोल्शेविक कार्यकर्त्यांनीच त्यांना सांगितलं होतं की आत्ता संप नको, वेळ आलेली नाही. कोण ऐकतंय! तिसऱ्या दिवशी संपकरी दोन लाखांच्या वर गेले, पोलिसांनी पूल अडवले तर लोक गोठलेल्या नेवा नदीवरून चालत आले, आणि नेहमी चाबूक चालवणारे कोसॅक, म्हणजे झारचे घोडेस्वार सैनिक, या वेळी हात आखडता घेताना दिसले.

झार तेव्हा मोगिलेव्हच्या लष्करी मुख्यालयात, शेकडो किलोमीटर लांब. त्याने २५ ला तार केली की राजधानीतला गोंधळ उद्याच्या उद्या थांबवा. माझ्या मते गादी गेली ती याच तारेने. कारण मग २६ ला, रविवारी, खरंच गोळीबार झाला, व्होलिन्स्की पलटणीच्या शिपायांना गर्दीवर गोळ्या झाडायला लावल्या, आणि रात्री बराकीत परत आल्यावर तेच शिपाई, किरपिच्निकोव्ह नावाच्या सार्जंटबरोबर, ठरवून बसले की उद्या बाहेर पडायचं नाही. २७ च्या सकाळी त्यांनी आपल्या कॅप्टनचं ऐकलं नाही, तो तिथेच मारला गेला, आणि मग ते शेजारच्या बराकी उठवत सुटले. संध्याकाळपर्यंत हजारो सैनिक फिरले होते. क्रांतीचं वळण विचारलं तर ही बराक लिहा.

"रासपुतीनमुळे झार पडला"

रासपुतीन म्हणजे राजघराण्यावर वजन असलेला साधू, त्याचा खून डिसेंबर १९१६ मध्येच झाला होता, क्रांतीच्या दोन महिने आधी. त्याने राजघराण्याची अब्रू घालवली, मंत्री नेमण्यात लुडबूड केली, एवढं दोन ओळीत पुरे. खरा घोळ झारने १९१५ मध्ये स्वतः सेनापतीपद घेतलं तो, कारण त्यानंतर प्रत्येक पराभवाचं बिल थेट त्याच्याच नावावर फाटायला लागलं.

"रक्तहीन क्रांती"

अजिबात नाही. एकट्या पेट्रोग्राडमध्ये मेलेले आणि जखमी मिळून तेराशेच्या वर. ऑक्टोबरच्या मानाने फेब्रुवारीच राजधानीत जास्त रक्ताळलेली होती.

"२ मार्चला राजेशाही संपली"

इथे चांगली चांगली पोरं घसरतात. झारची गाडी राजधानीकडे निघाली, वाटेत रस्ता अडलेला, म्हणून वळून प्स्कोव्हला गेली. तिथे त्याला गादी सोडायला लावली ती जमावाने नाही, त्याच्याच सेनापतींनी, आघाड्यांवरून एकामागून एक तारा आल्या आणि सगळ्यांचा सूर एकच. २ मार्चला निकोलसने सही केली, स्वतःच्या आणि आजारी मुलाच्याही वतीने, आणि गादी दिली भावाला, मिखाईलला. म्हणजे कागदावर राजेशाही अजून होती! दुसऱ्या दिवशी पेट्रोग्राडमधल्या एका घरात मिखाईलला राजकारणी भेटले, त्याने विचारलं माझ्या जिवाची हमी द्याल का, तशी हमी कोणी देईना. संविधान सभेने बोलावलं तरच गादी घेईन असं म्हणून त्याने नकार दिला, आणि १६१३ पासून चाललेल्या रोमानोव्ह घराण्याचा तो शेवटचा कागद त्या घरातल्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर बसून लिहिला गेला.