मुख, गाळ आणि गाऱ्हाणे : काल्पनिक विश्वातला ताऱ्यांमधला प्रवास रचताना

देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावी मी बर्फाच्या कारखान्यात हिशेबनीस आहे आणि गेली अकरा वर्षे एकाच काल्पनिक विश्वात घडणाऱ्या विज्ञान-अद्भुतकथा लिहितो आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे कारखान्यात लाद्यांची मागणी नसते आणि माझे बहुतेक लेखन त्याच दोन महिन्यांत होते. नव्याने लिहू लागलेली मंडळी भेटली की पहिला प्रश्न बहुधा यानाच्या इंजिनाविषयी असतो. इंजिन मागाहून ठरवले तरी निभावते. यान कोणत्या परिस्थितीत निघूच शकत नाही, हे मात्र पहिले पान लिहिण्याआधी ठरलेले असावे लागते, हे मला एक अख्खी कादंबरी वाया घालवल्यावर कळले.

त्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात माझे यान चाळीस प्रकाशवर्षे दोन दिवसांत कापत होते, आणि नवव्या प्रकरणात नायक-नायिकेला एकमेकांशी बोलायला सवड हवी म्हणून तेच अंतर मी तीन आठवड्यांचे केले. एका दिवाळी अंकाकडे पाठवलेले हस्तलिखित शेऱ्याविना परत आले, त्यामुळे चूक काय ते तिथे समजले नाही. ती पकडली शेजारच्या आबांनी. ते चाळीस वर्षे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, होते, चष्मा लागत नाही म्हणतात पण वाचत नाहीत, म्हणून मी त्यांना संध्याकाळी पडवीत वाचून दाखवत असे. नववे प्रकरण सुरू होताच त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "रे, पयल्या खेपेक दोन दिवस लागले, आता तीन आठवडे कित्याक? वारो पडलो काय?" ताऱ्यांमध्ये पाणी नाही, यानाला शीड नाही, याविषयी त्यांची तक्रार नव्हती, एकाच दर्याला दोन हिशेब लावले, एवढीच होती.

रचना करण्याआधी खरी अंतरे एकदा पचवावीत. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे, आणि त्याच वेगाने तेवढे अंतर कापायला त्याला जवळपास ७५ हजार वर्षे लागतील. वेग वाढवावा म्हटले तर ऊर्जेचा हिशेब आडवा येतो. एक किलो हापूस प्रकाशाच्या एक दशांश वेगाने पाठवायचा झाला, तर त्याला लागणारी गतिज ऊर्जा सुमारे साडेबारा कोटी युनिट विजेइतकी भरते, आणि पलीकडे पोचल्यावर तो थांबवायचा म्हणजे तेवढीच ऊर्जा काढून घेण्याची सोय हवी. वीजबिल भरणाऱ्या वाचकाला यापेक्षा जास्त समजावण्याची गरज नसते.

प्रकाशाच्या ८० टक्के वेग मिळाला असे धरले, तर प्रॉक्झिमापर्यंतच्या प्रवासात पृथ्वीवर ५.३ वर्षे जातात आणि यानातल्या माणसांची मात्र, वेगात काळ मंदावत असल्याने, ३.२ वर्षेच होतात. माझ्या मते ही तफावत हा लेखकाला आयता मिळालेला ऐवज आहे, आणि गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याला भावाची मुले ओळखू येत नाहीत हे पाहिलेल्या कोकणातल्या वाचकापर्यंत ती सूत्राशिवाय पोचते. प्रकाशाहून वेगाने जाण्याचे दोन मार्ग भौतिकशास्त्राच्या कागदावर आहेत : आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ साली मांडलेला, अवकाशाच्या दोन भागांना जोडणारा पूल, आणि अल्कुबिएरे यांनी १९९४ साली मांडलेली, यानापुढचे अवकाश आकसवून मागचे फुगवण्याची कल्पना. पहिला पूल कोणी ओलांडण्याआधीच मिटतो, दुसरीला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते. विज्ञान-अद्भुतकथेत ही उणीव मंत्राने भरून काढायला मुभा असते, पण तो मंत्रही तांडेलाच्या पंक्तीत बसणारा, म्हणजे दर खेपेला तेच भाडे घेणारा असावा.

माझ्या विश्वात प्रत्येक ताऱ्याभोवती ठरावीक अंतरावर एक 'मुख' आहे, खाडीला असते तसे. त्यातून आत शिरलेले यान दुसऱ्या ताऱ्याच्या मुखातून नऊ दिवसांनी बाहेर पडते, मग मधले अंतर कितीही असो. मुखाला उधाण (अमावास्या-पौर्णिमेला येते तशी मोठी भरती) आणि भांग (अष्टमीला येते तशी लहान भरती) आहेत. उधाणात अवजड याने जातात, भांगात फक्त छोटी, आणि ओहोटीला कोणीच नाही. हे सुचले आबांच्या बोटांवरून. भरतीची वेळ विचारली की ते अंगठा पेरांवरून सरकवत म्हणत, "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सा. सा वाजता पुरी भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे, आणि त्याला पंचांगापलीकडे काही लागत नाही. माझ्या तांडेलांनाही मी संगणक दिला नाही, प्रत्येक मुखाचा असा एकेक ठोकताळा दिला. परक्या ताऱ्याचा ठोकताळा ठाऊक नसलेला तांडेल तिथे आडाण्यासारखाच असतो, आणि माझ्या तीन कथा केवळ त्या एका अडचणीवर उभ्या आहेत.

यापेक्षाही उपयोगी पडला तो मुखाच्या अंतराचा नियम. मुख ताऱ्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात दूर असते, असे मी ठरवले, आणि सूर्यासारख्या ताऱ्यासाठी ते नेपच्यूनच्या कक्षेइतके, सुमारे ४५० कोटी किलोमीटरवर ठेवले. मोठे यान मुखापाशीच थांबते. पूर्वी मुंबईहून येणारी आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याला लागत, तसेच इथे पडाव ग्रहापर्यंत नेतात. पडावाला सेकंदाला ३०० किलोमीटर वेग दिला तरी हा टप्पा १७४ दिवसांचा होतो. (व्हॉयेजर-२ ला नेपच्यूनपर्यंत पोचायला बारा वर्षे लागली होती, तेव्हा मी पडाववाल्यांवर अन्याय केलेला नाही.) म्हणजे ताऱ्यांमधला प्रवास नऊ दिवसांचा आणि बंदरातून घरी जाण्याचा सहा महिन्यांचा. आता प्रॉक्झिमा घ्या : तिचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १२ टक्के, म्हणून मुख ५४ कोटी किलोमीटरवर आणि पडावाचा टप्पा जेमतेम तीन आठवड्यांचा. हे गणित वहीत मांडले त्या रात्री माझ्या विश्वाचा नकाशाच उलटा झाला. सगळा व्यापार तेजस्वी ताऱ्यांकडे जाईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो लहान, लाल, मंद ताऱ्यांकडे जाणार होता, आणि आपल्या आकाशगंगेत सुमारे तीन चतुर्थांश तारे तसलेच आहेत. त्यांतले बरेच अधूनमधून भडकून उठतात, त्यामुळे माझी श्रीमंत बंदरे सगळी धोक्याच्या जागी वसली. एका ओळीच्या नियमातून एवढे निघते. एक नियम करून त्याचे परिणाम शेवटपर्यंत मोजण्यात जो वेळ जाईल, तो दहा नवी यंत्रे शोधण्यापेक्षा सत्कारणी लागतो.

मुख उघडते ते गाऱ्हाण्याने. आमच्याकडे कोणत्याही कामाआधी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणे, म्हणजे मोठ्याने केलेले मागणे, घालतात, आणि प्रत्येक मागणीवर जमलेली मंडळी "व्हय महाराजा" म्हणतात. माझ्या कथांत तांडेल मुखाच्या राखणदाराला गाऱ्हाण्यात यानाचे वजन, माणसे आणि माल खराखुरा सांगतो, आणि प्रत्येक कलमाला खलाशी होकार देतात. आकडा खोटा निघाला तर यान बाहेर पडते, पण उशिरा. जितके जास्त वजन लपवले तितकी जास्त वर्षे उशिरा. चोरटा माल आणणाऱ्याला शिक्षा करायला मला पोलीस लागत नाहीत, आणि शंभर किलो दडवणारा माणूस नातवंडांच्या लग्नाला परततो. सापेक्षतेच्या जाणकार वाचकांचा एक रास्त आक्षेपही याच राखणदाराने मिटवला. प्रकाशाहून वेगाने जाता आले, तर योग्य मार्ग निवडून स्वतःच्या भूतकाळात निरोप पाठवता येतो; म्हणून माझे सगळे राखणदार एकच घड्याळ मानतात, आणि त्या घड्याळाच्या उलट कोणालाही सोडत नाहीत. हा नियम कथेत मी कुठेही समजावून सांगितलेला नाही. तो माझ्या वहीत आहे आणि तिथेच राहावा.

शेवटचा नियम गाळाचा. प्रत्येक खेप मुखात थोडा गाळ सोडते, आणि दोनेकशे वर्षांच्या वर्दळीनंतर अवजड याने शिरेनाशी होतात. राजापूरच्या बंदरात एके काळी जहाजे येत, पुढे खाडी गाळाने भरली आणि व्यापार दुसरीकडे गेला. तिथल्या वखारीच्या जागी उभे राहिले की या नियमाला काल्पनिक म्हणवत नाही. मात्र गाळ साचण्याचा वेग मी दुसऱ्या संग्रहात नोंदवायचा विसरलो. त्यामुळे तिसऱ्यातले एक बंदर साठ वर्षांतच बुजले आहे, आणि एवढ्या लवकर का, याचे कारण मला चौथ्यात शोधावे लागणार आहे. आबांना ते अजून वाचून दाखवलेले नाही.