सुभद्रा व्हायचंय? आधी ‘तळमळत’ म्हणून दाखव

माझ्याकडे संगीत नाटकातलं काम शिकायला येणाऱ्या मुलीला मी पहिल्या दिवशी गायला लावत नाही. तिची आई सांगत असते, ‘बाई, गळा फार गोड आहे हो हिचा,’ आणि मी पेटीचा भाता बंदच ठेवते. म्हणते, ‘नकळत नवळत, हृदय तळमळत’ एवढं नुसतं बोलून दाखव. ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीच्या पदातले हे शब्द. नाटक १९१६ सालचं, खाडिलकरांचं. भास्करबुवा बखल्यांची बिहागातली चाल. गाणं म्हणून तू ते ऐकलेलं असशीलच. पण नुसतं बोलायला लावलं की आमच्या जळगाव जिल्ह्यातली, रावेर-यावलकडची मुलगी सरळ ‘नकयत नवयत तयमयत’ म्हणते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

मलाही नव्हता. मी फैजपूरकडची, लेवा बोली बोलणाऱ्या घरातली. आमच्यात काळा म्हणजे काया आणि डोळे म्हणजे डोये. सतराव्या वर्षी गुरुजींपुढे हेच पद म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, ‘बिहाग चांगला आहे. भाषा कुठली?’

तर पहिलं काम जिभेचं. आरशासमोर बस, जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लाव आणि तिथून पुढे सोड. बाळ, कमळ, ओंजळ, तळमळ. रोज पंधरा मिनिटं. मग ‘ण’ घे, कारण ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘कोण’चं ‘कोन’ होतंच. मला दोन्ही अक्षरं बसवायला सहा महिने लागले. आणि हे ऐकून घरी आईला सुधारायला जाऊ नकोस. आईशी बोलताना मी आजही डोयेच म्हणते. अहिराणी, लेवा बोली या काही खोडी नाहीत. रुक्मिणी फैजपूरची नव्हती, इतकंच.

दुसरं काम सगळ्यात मोठं, आणि क्लासमध्ये कोणी ते शिकवत नाही. गाणाऱ्या मुली आपल्याकडे पुष्कळ आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देऊन विशारद झालेल्या जळगाव, भुसावळ, धुळ्यात किती सापडतील. पण पदाच्या आधीचं वाक्य बोलता येणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या. संगीत नाटकात नटी बोलता बोलता गाण्यात जाते. विशारद मुलगी वाक्य संपवते, दोन पावलं पुढे येते, घसा साफ करते, हात जोडल्यासारखे धरते आणि मैफल सुरू करते. प्रेक्षकाला तिथेच कळतं, सुभद्रा गेली आणि परीक्षार्थी आली.

खरं काय घडायला हवं ते सांगते. खाली बसलेले ऑर्गनवाले तुझ्या शेवटच्या वाक्याखाली हळूच षड्ज, म्हणजे सा, धरतात. तुझं वाक्य त्या सुराकडे सरकत जाऊन शेवटचा शब्द त्याच्या अगदी शेजारी पडला पाहिजे. गायचा नाही, पडू द्यायचा. मग पदाचा पहिला शब्द त्याच श्वासातून निघाल्यासारखा वाटतो. ‘सौभद्रा’त बलरामदादानं सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, मन अर्जुनावर आहे आणि घरात तिचं कोणी ऐकत नाही. तिथे ती ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणते. हा प्रश्न आहे. जोगिया रागातला कोमल ऋषभ, म्हणजे कोमल रे, दाखवायची ती जागा नाही. तो आपोआप दिसतो, तू प्रश्न विचार.

याचा सराव आमच्या ऑर्गनवाल्या काकांनी मला असा करून घेतला: तानपुरा लावायचा आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं. प्रत्येक बातमीचं शेवटचं वाक्य षड्जाजवळ उतरवायचं. मी महिनाभर रावेरचे केळीचे भाव काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, वाचत होते. शेजारच्या काकू माझ्या सासूबाईंना विचारायच्या, ‘सून बरी आहे ना हो?’ आता मोबाईलवर तानपुरा मिळतो, तुला सोपं आहे. बाजारभावच घे, कारण त्यात भावना नसते. सूर धरायला त्याच्याइतकं कोरडं काही नाही.

पट्टीचं थोडक्यात. क्लासमधली पट्टी रंगमंचावर चालेलच असं नाही. तिथे अर्धा तास गद्य बोलून झालेलं असतं आणि त्यानंतर पद येतं. पूर्ण अंक बोलून, उभ्यानं गाऊन बघ. काळी पाच जड जात असेल तर काळी चार घे, लाजू नकोस. आणि ताना कमी. पद चार मिनिटांचं, त्यात तुझी अख्खी तालीम कोंबू नकोस. कंपन्यांच्या काळी नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपायचं, वन्समोअरवर वन्समोअर व्हायचे. आजच्या प्रेक्षकाला शेवटची रिक्षा पकडायची असते.

पहिली भूमिका कोणती, असं सगळ्या विचारतात. सगळ्यांना ‘मानापमान’ची भामिनी नाहीतर रुक्मिणी हवी असते. मी ‘संशयकल्लोळ’मधली रेवती सुचवते. देवलांची भाषा घरातल्यासारखी आहे, गद्य खेळकर आहे आणि विनोदात चूक लपते. ‘एकच प्याला’ची सिंधू तिशीच्या आत करू नये असं माझं मत आहे. ती भूमिका रडून होत नाही, आणि विशीत रडण्याशिवाय काही सुचत नाही. नवीनात ‘देवबाभळी’, प्रयोग लागला तर जरूर पाहा. रखुमाई आणि आवली, दोघीच बायका, पूर्ण नाटक स्वतः गात उभं करतात. लिहिणारे प्राजक्त देशमुख नाशिकचे, म्हणजे आपले शेजारी. गाणाऱ्या नटीला आता काम नाही असं कोणी म्हटलं तर या नाटकाचं नाव सांग.

ऐकायचं कुठे? जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. आमच्या गावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे ते काही उगाच नाही. बालगंधर्वांनी, म्हणजे नारायणराव राजहंसांनी, गाण्याचे पहिले धडे लहानपणी जळगावातच मेहबूब खाँसाहेबांकडे घेतले. पण त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकून नक्कल करू नकोस. ते पुरुष असून बाईचं लाजणं गळ्यातून काढत होते. तू बाई आहेस, तुला तो वळसा घ्यायचं कारण नाही. बायकांचं ऐक. हिराबाई बडोदेकर ऐक. ज्योत्स्ना भोळे ऐक, ज्या १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त उभ्या राहिल्या. जयमाला शिलेदार ऐक. जयमालाबाई मूळच्या इंदूरच्या, आणि इंदूर आम्हाला मुंबईपेक्षा जवळ.

माझी आई ‘नाटकात जाशी तं लोकं काय म्हनतीन’ म्हणत होती. आमच्याकडे तमाशाचा फड आणि संगीत नाटक यांत फरक करायची कोणाला सवय नव्हती. आता सांगते, फडातल्या बायकांचा आवाज उघड्या मैदानात माईकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत जायचा. माझा पाचव्या रांगेपर्यंतही जात नव्हता. जत्रेत उभी राहून त्यांची फेक मी ऐकली, आणि ती पुढे तालमीत वापरली. आईला हे कळलं नाही, बरं झालं.

नऊवारीचं नीट ऐक. तालमी पहिल्या आठवड्यापासून लुगड्यातच कर. पंजाबी ड्रेसमध्ये घेतलेला श्वास काष्ट्यात मिळत नाही. नेसवणाऱ्या मावशी कंबर आवळतात, कारण त्यांना लुगडं सुटायची भीती असते. नेसताना पोट फुगवून श्वास आत धरून ठेव, गाठ बसली की सोड. तेवढी जागा पुढे तुझी. माईकची डबी पाठीमागे काष्ट्यात खोचू नकोस, बसताना रुतते. डाव्या कमरेला, पदराखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेव, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात घामानं दुसऱ्या अंकात माईक जातो. गळ्यात लांब सर घालू नकोस. माईकवर घासला की कापूस पिंजल्यासारखा आवाज येतो. बांगड्यांचीही सवय कर.

खाण्याचं सांगितलं की मुली हसतात. हिवाळ्यात नाटकांचा मोसम आणि भरताच्या पार्ट्यांचाही मोसम एकच. शेतात वांगी भाजली जाताहेत, कळण्याची भाकरी आहे, आणि मी म्हणते प्रयोगाच्या आदल्या रात्री जाऊ नकोस. तिखट आणि तेल रात्री वर येतं, आम्लानं गळा आतून सोलल्यासारखा होतो. सकाळी आवाज जड. शेवभाजीचंही तेच. प्रयोगादिवशी दुपारी वरणभात, संध्याकाळी काही नाही, पाणी मात्र दिवसभर घोट घोट. खाकरून घसा साफ करू नकोस, गिळ. आणि आवाज बसला तर कुजबुजू नकोस. कुजबुजण्यानं तो आणखी ताणतो. गप्प बस, पाटीवर लिही. माझ्या मुलांना लहानपणी माझं अक्षर आवाजाआधी ओळखू यायचं.

आता पैसे. यातून घर चालेल असं मी कोणालाही सांगत नाही. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि नाटक शनिवार-रविवारी केलं. मानधन नाइटवर मिळतं, प्रयोग झाला तर पैसे. एका ठेकेदारानं माझ्या तीन नाइट बुडवल्या. ‘पुढच्या प्रयोगाला एकदम देतो ताई,’ आणि पुढचा प्रयोगच नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, पाकीट तिसऱ्या घंटेच्या आधी. घंटेनंतर तू मेकअपमध्ये, लोक बसलेले. तुला मग भांडता येत नाही, हे त्यालाही माहीत असतं.

सुरुवात गावातूनच कर. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र जळगावात असतं, संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी भरते. हौशी संस्थांना गाणारी मुलगी कायम हवी असते. बोलावलं नाही तरी तालमीला जाऊन बस. नायिका एक दिवस आजारी पडतेच. मला सुभद्रा तशीच मिळाली, आणि मिळाली तेव्हा मला तिचंच नाही, अर्जुनाचंही गद्य पाठ होतं. पुण्याहून बोलावणं आलं तर महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, मात्र वरचा बर्थ घे. खिडकीचा वारा रात्रभर गळ्यावर नको.

निवडीच्या दिवशी समोरचे म्हणतात, ‘एखादं पद होऊ दे.’ लगेच गाऊ नकोस. कोणत्या नाटकातलं, कोण कोणाला म्हणतंय ते सांग, आधीचं वाक्य बोल आणि त्यातून पदात जा. बरोबर कोणी नसेल तर मोबाईलचा तानपुरा पुरतो. मुखडा आणि एक अंतरा. ‘ठीक आहे’ म्हणाले की थांब. मी पुण्यात थांबले नव्हते. मला वाटलं त्यांना आवडतंय, म्हणून आणखी दोन ताना घेतल्या. भामिनी माझ्या नंतर गेलेल्या मुलीला मिळाली. तिनं अंतराही पूर्ण गायला नव्हता.