मुलाचा ताबा लिहून घेताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती बाँडवरची फारकत. चार पाहुणे बसतात, पाचशेचा बाँड आणतात, ‘मुलगा आईकडे राहील, वडिलांचा काही संबंध नाही’ असं लिहून नोटरीचा शिक्का मारतात आणि जो तो आपल्या गावी जातो. पुढं आई कामासाठी जालन्याहून संभाजीनगरला यायची ठरवते, तेव्हा बाप शाळेत येऊन उभा राहतो : मला विचारल्याशिवाय टीसी द्यायची नाही. मुख्याध्यापक बाँड बघून हात वर करतात. त्यांचंही चुकत नाही, तो काही कोर्टाचा हुकूम नव्हे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं बाप नैसर्गिक पालक आहे; पाहुण्यांच्या सह्यांनी ते पुसलं जात नाही. दोघं राजी असाल तर हेच मुद्दे संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात घाला, म्हणजे हुकूमनाम्यात येतील. या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं; तेवढं कोण थांबणार, म्हणून बाँड करतात अन् मग वर्षानुवर्षं तारखा करतात. योग्य प्रकरणात कोर्ट ती मुदत माफही करतं, पण आधी विचारायचं कुणी?

हुकूम घेतला तरी तो एका ओळीचा नको. ‘ताबा आईकडे’ म्हणजे मूल कुणाजवळ राहणार एवढंच ठरलं; सही कुणाची चालणार हे राहिलंच. शाळा कोण बदलणार, ऑपरेशनच्या संमतीवर कोण सही करणार, बँकेत पालक म्हणून नाव कुणाचं, हे सुटं सुटं लिहा. पासपोर्टच्या परिशिष्ट ‘डी’वर दोघांच्या सह्या लागतात, एकजण देत नसेल तर परिशिष्ट ‘सी’ भरून कारण सांगावं लागतं. भेटीच्या कलमातला ‘सोयीनुसार’ हा शब्द आधी खोडा. ‘दुसरा व चौथा रविवार, सकाळी 10 ते संध्याकाळी 5, ने-आण वडील करतील’ असं पाहिजे. घर ऊसतोडीला जात असेल तर कारखान्याच्या सीझनमध्ये मूल आजीजवळ राहील, हेही त्यातच.

सातबाऱ्यावर ‘अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) आई’ लागलं म्हणजे पोराच्या नावची जमीन विकता येते, हा गैरसमज. त्याच 1956 च्या कायद्याच्या कलम 8 प्रमाणे कोर्टाची परवानगी आधी. नाहीतर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत पोरगा खरेदीखत रद्द करून मागू शकतो.

मूल पाच वर्षांचं झालं की ताबा आपोआप बापाकडे जातो, हेही खोटं. कोर्ट मुलाचं हित बघतं.

पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका. वसुलीचा अर्ज वेगळा करा.

पालकत्वाचा अर्ज मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात. माहेर लातूरचं म्हणून लातूरला टाकायचा नसतो.

हुकमाच्या दोन नकला जादा काढा. एक शाळेत द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या.